छोटी लाईन, दिवाणाखालून

७ सप्टेंबर, रवि.
प्लायवूड आलं. सात बाय चार. जिन्यातून वळेना म्हणून हॉलमध्येच टेकवलं, आणि टेकवलं ते टेकवलंच. शोभा : "अहो, आठ दिवसांत उचलतो म्हणालात ना?" आठ दिवस कुठून मोजायचे ते बोललो नव्हतो.
निवृत्तीला लेकीनं इंदूरहून पाठवलेला खेळण्यातल्या आगगाडीचा सेट पावसाळाभर खोक्यात पडून होता. एक इंजिन, तीन डबे, रूळ. जन्मभर शाळेच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या पोरांना वायरी जोडून दिल्या. आता माझ्या.

९ सप्टें., मंगळ.
विनू पाहून गेला. धाकटा भाऊ. घर दोघांचं, पण हॉल आपला एकट्याचा समजतो, कारण केळीचे व्यापारी त्याच्याकडे येतात आणि दिवाणावर बसतात. "दादा, काय करून राहिले तुम्ही हे? बैठकीत माणसं बसतील का गाडी?"
म्हटलं, माणसं वर बसतील, गाडी खालून जाईल. कुणाचं काय अडतं?
गप्प बसला. विनू गप्प बसला की रात्री मनीषाचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, कान भरतो.

१२ सप्टें., शुक्र.
प्लायवूड जमिनीवर आडवं टाकून निम्मं दिवाणाखाली सरकवायचं, म्हणून दिवाणाखालचा बोगदा मोकळा केला. निघालं ते असं : दोन रजया, आहेराची न उघडलेली भांडी, पुतणीचे, तन्वीचे, व्यायामाचे डंबेल, एक पायमोजा. मनीषा : "मग हे सगळं ठेवायचं कुठं, दादा?" आमच्या खोलीत. शोभाला अजून सांगितलेलं नाही.
पहिली फेरी. गाडी बोगद्यात शिरली ती आलीच नाही. खराट्याच्या दांड्यानं ओढली. डब्याला सोन्याचं कानातलं अडकलेलं. मनीषाचं, तीन वर्षांपूर्वी हरवलेलं. तिला इतका आनंद झाला की बोलून गेली, "आणि मी उगाच ताईंवर..." पुढचं गिळलं. शोभानं ऐकलं. स्वयंपाकघरात आज दोन वेगवेगळ्या भाज्या झाल्या.

१४ सप्टें., रवि.
आज मुख्य काम. फाटक.
देडतलाईकडचं आमचं फाटक. आमचे वडील, अण्णा, छोट्या लाईनीवर, म्हणजे मीटरगेजवर, गेटमन होते, मी आणि विनू फाटकाच्या एका खोलीत वाढलो. आता तिथले रूळसुद्धा उचलून नेले. ती लाईन पुन्हा कुठं घालायची तर माझ्याकडे सात बाय चारच जागा आहे. काडेपेट्यांची खोली केली, खराट्याच्या काड्यांचं फाटक, चिंधीची लाल झंडी. छान जमलं. स्वतःवरच खूश होतो.
विनू आला. काडेपेट्यांच्या खोलीत वाकून पाहिलं. मग म्हणाला, "डोंगर करा, स्टेशन करा. फाटक नको. चार लोक येतात इथं. फाटकावर वाढलो हे कशाला सांगायचं त्यांना?"
राग आला. फार आला. अण्णांची लाज वाटते असं सरळ म्हण ना! हे सगळं मनात. खोली, फाटक, झंडी सगळं उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. जेवण गेलं नाही.

१८ सप्टें., गुरु.
फाटकाशिवाय गाडी चालू. रावेरचे एक शेठ आले होते, चांगले जाडजूड, दिवाणावरून पाय खाली सोडून बसणारे. मी म्हटलं, "पाय वर, गाडी येतेय." त्यांनी घेतले. पुढं तासभर केळीचं बोलणं चाललं आणि दर फेरीला शेठ न सांगता पाय वर घ्यायचे. जाताना म्हणाले, "आमच्या घरी कोणी असं काही करतच नाही हो." विनूचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना
विनूनं फर्मान काढलं. दसऱ्याला लोक सोनं द्यायला येतील, त्याआधी गाडी माळ्यावर.
माळ्यावर म्हणजे संपलंच. या घरात माळ्यावर गेलेली वस्तू खाली आलेली मी पाहिलेली नाही. आमचा पाळणा आहे तिथं, दोन रेडिओ आहेत, विनूची हार्मोनियम आहे.
तन्वी : "मोठे पप्पा, टेन्शन नका घेऊ ना. मैं व्हिडिओ बना देती हूँ, याद के लिए." मी काय मेलो की काय?

२८ सप्टें., रवि.
चार दिवस उरले. शोभानं तापलेल्या दुधाचं पातेलं प्लायवूडवर ठेवलं. "रिकामी जागा दिसली." ती रिकामी जागा म्हणजे केळीची बाग होणार होती. हे आता कुणाला सांगू? पातेल्याचा गोल डाग पडलाय. तळं म्हणून चालेल.

२ ऑक्टोबर, गुरु. दसरा
सविस्तर लिहितो.
सकाळी आंघोळ करून आलो तर इंजिनाच्या गळ्यात झेंडूची माळ. कपाळावर, म्हणजे दिव्यावर, ओल्या कुंकवाचं बोट. एवढ्यावर थांबेल ती मनीषा कसली! रुळांना सबंध वाटोळं हळद-कुंकू, वर अक्षता. "स्कूटर झाली, शिलाई मशीन झालं, यांचा वजनकाटा झाला. घरातली एवढी एकच गाडी राहिली होती, दादा."
बटण दाबलं. काही नाही. कुंकवातून वीज जाते होय! मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं नमस्कार केला.
तेवढ्यात विनू शिडी घेऊन आला, माळ्यासाठी. मनीषा कमरेवर हात ठेवून आडवी : "आजच पुजली नि आजच माळ्यावर फेकता? भंगार आहे का?"
"मग कधी?"
"ते नंतर पाहू. आज हात लावायचा नाही." शिडी परत गेली. त्या कानातल्याची परतफेड असावी.
संध्याकाळी हॉल भरला. रावेरचे शेठही आले, सोनं दिलं आणि दिवाणावर बसून आधीच पाय वर घेतले. "मास्तर, सोडा गाडी." सोडू काय? मला भर सणाला रडू यायचं बाकी होतं. विनू म्हणाला, "चालत नाही ती. उद्या काढायचीच आहे."
शेठनी पाय खाली घेतले. एवढं मोठं माणूस, पण तोंड अगदी एवढंसं झालं. बोगद्याकडे बघतच बसले.
मग विनू उठला. नव्या पांढऱ्या सदऱ्यानिशी खाली बसला, खिशातून रुमाल काढला आणि रूळ पुसायला लागला. सदऱ्याला कुंकू, कोपराला हळद. रुळाच्या खाचेत तांदूळ अडकले होते. मनीषाच्या केसांतला आकडा मागून घेतला आणि एकेक दाणा उकरून काढला, काढला की फुंकर. मी पाहतच राहिलो. अण्णा रोज सकाळी फाटकातल्या रुळाच्या खाचेतली माती सळईनं अशीच काढायचे. अशीच फुंकर. विनू तेव्हा त्यांच्या पाठीवर लोंबकळत असायचा.
शेठ : "तुम्हाला बरंच जमतं की हो!"
विनूनं वर पाहिलं नाही. "जमणारच. गेटमनचा मुलगा आहे."
मी उगाच चष्मा पुसत बसलो.
मग तो म्हणाला, "दादा, फाटक कुठंय?"
बिस्किटाचा डबा आणला. गाडी झेंडूच्या माळेसकट सात फेऱ्या धावली.

४ ऑक्टो., शनि.
भांडण. अण्णांची खोली लाईनीच्या कुठल्या बाजूला? अकोल्याकडे तोंड केलं की डावीकडे, हे मला लख्ख आठवतं. विनू म्हणतो उजवीकडे, कारण दार रुळाकडे होतं आणि सकाळचं ऊन दारात यायचं. मी म्हटलं, तू तेव्हा सहा वर्षांचा. तो म्हणाला, "तुम्ही झोपलेले असायचे, ऊन तुम्हाला काय माहीत?"
विचारायला कोणी उरलेलं नाही. शोभा म्हणाली, "दोन्हीकडे एकेक ठेवा." दोघंही तिच्यावर ओरडलो.

६ ऑक्टो., सोम.
सकाळी पाहिलं तर खोली उजवीकडे. मी डावीकडे ठेवली. मनीषाला विचारलं, तन्वीला विचारलं. दोघीही नाही म्हणाल्या.

७ ऑक्टो., मंगळ.
पुन्हा उजवीकडे. शिवाय खोलीपुढं कापसाच्या बोंडाएवढी बाज ठेवलीय, सुतळीनं विणलेली. बाज होती खरी. मी विसरलो होतो.
विनू चहा पिताना केळीच्या भावाविषयी बोलला. मीही तेच बोललो. माळ्याचा विषय निघाला नाही, शिडी मात्र अजून जिन्याखालीच आहे.
दुपारी, कोणी नाही असं पाहून, खोली डावीकडे घेतली. बाजेसकट. गोंद हाताशी होता. लावला नाही.