मुंगीच्या प्रवेशाबाबत

प्रिय चित्रकलाबाई,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही चौघं खुशाल आहोत, तुमची आणि यजमानांची खुशाली कळवावी. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (की उजवा? मुख्याध्यापिका होते तेव्हा मला सगळ्यांच्या रजेची कारणं पाठ असायची, आता अवयवांची गल्लत होते.) फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं आहे’ म्हणून लगेच माझं विचारता, आणि माझं जे आहे ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. सवडीने वाचा.

मुलाची बदली परदेशी झाली आणि घर लागेपर्यंत म्हणून मीही सोबत आले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घर दोन आठवड्यांत लागलं. राहिली नातीची शाळा. (नात सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणतात.) मला वाटलं, जिने बावीस वर्षं लोकांची मुलं शाळेत घेतली, तिच्या घरची एक मुलगी शाळेत घालायला असा कितीसा वेळ लागणार? पण इथे आमच्यासारख्या बदलीवाल्यांसाठी आंतरराष्ट्रीय शाळा असतात आणि त्यांत प्रवेश मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्यापेक्षा अवघड. सूनबाईने तीन शाळांचा तक्ता केला, मुलाने तो फ्रिजवर चिकटवला आणि आम्ही निघालो.

पहिल्या शाळेत जिकडेतिकडे काचा. प्रवेश विभागातल्या बाईंनी आम्हाला दीड तास फिरवलं. पोहण्याचा तलाव दाखवला, मुलांनी लावलेले भाजीचे वाफे दाखवले, राग आला की मुलांनी जाऊन बसायची वेगळी खोली दाखवली. आमच्याकडे पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, गृहपाठ नाही, असं त्या अभिमानाने सांगत होत्या. मी विचारलं, फळा? तोही नव्हता. (त्या रागाच्या खोलीत मलाच पाच मिनिटं बसू द्या म्हणणार होते, पण सूनबाईने दंडाला धरून पुढे नेलं.) मग अकरा पानांचा अर्ज. त्यात एक प्रश्न, आपल्या पाल्याचं तीन शब्दांत वर्णन करा. मुलाने ‘जिज्ञासू, सहृदय, स्वतंत्र’ असं लिहिलं. सूनबाई म्हणाली, हे तर तू नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल लिहिलं होतंस. त्यावरून दोघांत अबोला. मला विचारल्यावर मी म्हटलं, ‘पायात चप्पल नसते.’ मोजून तीन शब्द होतात, पण घेतले नाहीत. एवढं करून जागा पुढच्या वर्षी. दुसऱ्या शाळेत तर आमचा नंबर एकशे बारावा लागला. तिथे लोक मूल जन्मल्याबरोबर नाव नोंदवतात म्हणे.

तिसरी शाळा लहान, दुमजली, एका छापखान्याला लागून. जिन्यात शाईचा वास. मला बघताक्षणी आवडली, पण बोलले नाही. मला आवडलेली गोष्ट या घरात यादीत खाली जाते. तिथे आधी मुलांची चाचणी घेतात. आदल्या दिवशी दुपारी दोघंही ऑफिसात असताना मी मुंगीला समोर बसवलं आणि शाळेत कसं बसायचं ते शिकवलं. हाताची घडी, तोंडावर बोट. मी सांगेपर्यंत बोट काढायचं नाही, असंही बजावलं. पोरीने तासभर सराव केला. मला भरून आलं.

चाचणीच्या खोलीत गालिचा होता. शिक्षिका मुंगीसमोर मांडी घालून बसल्या, आम्ही तिघं काचेच्या अलीकडे. त्यांनी चित्रं दाखवली, ठोकळे मांडले, कापडाचा ससा नाचवला, शेवटी स्वतः बेडूक होऊन दोन उड्या मारल्या. मुंगी घडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसलेली. वीस मिनिटं! मुलगा नखं खात होता, सूनबाई ‘बोल ना गं, बोल ना’ असं पुटपुटत होती, आणि मी, बाई, काय सांगू, मी मनातल्या मनात म्हणत होते, बैठक किती छान आहे.

निर्णय तिथल्या तिथे मिळाला. मुलीची भाषा वयाच्या मानाने फार मागे आहे, एक वर्ष खालच्या वर्गात बसवावं लागेल आणि सोबत वेगळ्या शिक्षिका द्याव्या लागतील. मुलगा व्हरांड्यात वाद घालत राहिला. सूनबाई तोंड धुऊन येते म्हणाली आणि बराच वेळ आली नाही. बसने परत निघालो. तिसऱ्या थांब्यावर मुंगीने माझा पदर ओढला. बोट ओठांवर तसंच. त्याच्या कडेने तिने विचारलं, ‘आजी, आता काढू?’

मुलाने माझ्याकडे पाहिलं. सूनबाईने पाहिलं. दोघं रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, ‘काढ, बाळ.’ आणि मग घर येईपर्यंत मुंगीचं तोंड मिटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता एकटीच शाळेत गेले. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, परिपत्रकाचं आहे. मी त्या शिक्षिकेला कळवलं की सदर प्रकरणी दोष विद्यार्थिनीचा नसून खाली सही करणारीचा आहे. त्यांना काही उमजेना. शेवटी मी करून दाखवलं. पालकांसाठी ठेवलेल्या त्या वीतभर खुर्चीवर हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसले. मग त्यांना कळलं. हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘तुम्ही मुलांना असं किती वेळ बसवायचात?’

मी म्हटलं, ‘बावीस वर्षं.’

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गुरुवारी पुन्हा या म्हणाल्या. या वेळी आजीने आत बसायचं.

गुरुवारी मुंगी चाळीस मिनिटं बोलली. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी, आणि मराठीचं भाषांतर माझ्याकडे. मुंगी म्हणाली, ‘बाबा म्हणाले, दुसरीकडे कुठे घेतलं नाही म्हणून इथे आलो.’ मी सांगितलं, वडिलांनी फार विचारपूर्वक ही शाळा निवडली आहे. मुंगी म्हणाली, ‘आई तिच्या साहेबांना घरी गाढव म्हणते.’ मी सांगितलं, हिला प्राण्यांची आवड आहे. त्यावर मुंगी म्हणाली, ‘आजी खोटं सांगतेय,’ आणि हे मात्र तिने स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.

तिला तिच्या वयाच्या वर्गात घेतलं. सोमवारपासून जाते. घरात मला कोणी शब्दाने दुखावलं नाही. सूनबाई फक्त चहाचा कप ठेवताना म्हणाली, ‘आई, सांगितलं असतंत तर मीही आले असते तुमच्यासोबत.’ बावीस वर्षं प्रार्थनेनंतर रोज भाषण देणारी बाई नुसता चहा ढवळत बसली.

यजमानांना नमस्कार सांगा. पत्रोत्तर लिहा.

तुमची
(माजी) मुख्याध्यापिका

ता. क. – पत्र लिहायचं कारण वर आलंच नाही. पहिलीच्या प्रवेशाला एका गवंड्याची मुलगी आली होती, आठवते? दोन वेण्या, हिरवा फ्रॉक. माझ्यासमोर ती अर्धा तास एक शब्द बोलली नाही. मी रजिस्टरात ‘मंद’ असं लिहिलं आणि तिला वर्षभर मागे ठेवलं. तुम्ही म्हणाला होतात, ‘बाई, घाबरलीय ती. माझ्या वर्गात खडू देऊन बघते.’ मी म्हटलं, तुम्ही तुमची चित्रं काढा. ती आता पोस्टात खिडकीवर बसते असं मध्यंतरी कानावर आलं. तुम्ही तिकिटं घ्यायच्या निमित्ताने एकदा जाऊन या. कशी आहे, बोलते का लोकांशी, ते बघून मला कळवा. मी विचारलं म्हणून मात्र सांगू नका.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. सांगा.