उसना विस्तव

आये,

येत्या उन्हाळ्यात माझी नोकरी संपते. राजूरच्या शाळेतली ही माझी शेवटची मुलं. त्यानंतर ही भाड्याची खोली सोडून संगमनेरला मुलाकडे राहायला जायचं ठरलंय. म्हणजे त्यांनी ठरवलंय, मी नुसती मान हलवली. तेव्हापासून तू माझी पाठ सोडत नाहीस. सकाळी स्टोव्ह पेटवायला बसलो की मागे उंबऱ्याशी तू असतेस, भिंतीला पाठ न टेकता, आत्ता उठून निघायचं असल्यासारखी.

धरणाचं पाणी गावात शिरलं आणि आपण वर माळावर आलो, तेव्हा मी जेमतेम शाळेत जाण्याएवढा होतो. बानं नवं घर उभं केलं, तू त्यात चूल घातलीस. पण रात्री निखारे राखेत झाकून ठेवणं तू कायमचं सोडलंस. रोज उजाडलं की गोवरीचा तुकडा हातात देऊन मला शेजारच्या काकूकडे विस्तव आणायला पाठवायचीस. काकू निखारा घालताना म्हणायची, "लई वरसं झाली की रं. तुझ्या आयला म्हनावं, आता तरी घरात इस्तव ठेव." एकदा थंडीत मीच शहाणपणा केला. तू निजल्यावर निखारे राखेत पुरून ठेवले. सकाळी ते लालभडक निघाले, मला कोण आनंद! तू त्यांवर तांब्याभर पाणी ओतलंस. घरभर वाफ आणि राख. "हितं कायमचं ऱ्हायचं हाय का आपल्याला?" एवढंच म्हणालीस. त्याच घरात तू म्हातारी झालीस, तिथूनच तुला नेलं, आणि तुझ्यापुढे धरलेल्या मडक्यातला विस्तवही काकूच्याच चुलीतला होता.

बदल्यांच्या नावाखाली मीही तेच केलं. ज्या गावी गेलो तिथं ट्रंक कधी पुरती रिकामी केली नाही, भिंतीला खिळा ठोकला नाही. बायको चिडायची, "तुमी काय धर्मशाळंत ऱ्हाता का?" बिचारी गेली, तिचा फोटोसुद्धा ट्रंकेतच आहे. यंदाच्या दुष्काळात धरणाचं पाणी पार खाली गेलं. जुनं गाव दिसतंय म्हणून लोक बघायला जात होते, मीही गेलो. भेगाळलेला गाळ आणि दगडांच्या रांगा. आपलं घर कुठलं, ते मला ओळखता आलं नाही. ज्या घरासाठी आपण जन्मभर अडून बसलो, त्याची जागाच सापडेना, तेव्हा मी खरोखर घाबरलो.

गेल्या रविवारी संगमनेरला गेलो होतो. सून तिच्या सासूबद्दल म्हणाली, "मामा, आत्याबाईंचा फोटू आना की. ही भिंत ठेवलीय त्यांच्यासाठी." जेवून जरा आडवा झालो, तो दिवस कलला तरी उठलो नाही. नात मला हलवून विचारतेय, "आबा, घरी न्हाई का जायाचं?" आणि अर्धवट झोपेतच मी म्हणतो, "आलोय की घरी." मग खडबडून उठून बसलो. तू ऐकलंस असं वाटलं. पण बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं. कुणाचं कार्ड आलं की मी मोठ्यानं वाचायचो आणि तू हातातलं काम थांबवून ऐकायचीस. हे मात्र मी मोठ्यानं वाचणार नाही.