डब्यातलं शिसं

प्रिय बारक्या,

तब्येत कशी आहे ते विचारत नाही. गेल्या भेटीत तुझा सुजलेला जबडा पाहिला तेव्हाच कळलं, तुरुंगात काय चालतं ते. इकडे तुझी भाची भिंतीवर डोकं आपटते. मी मध्ये हात घातला की कडाडून चावते. परवा माझं रक्त निघालं, तर तेच पाहून भोकाड पसरून बसली. एवढी मोठी झाली, अजून ‘आई’ म्हणत नाही. आणि त्या बाळांच्या पिठाच्या कंपनीचा वकील भर कोर्टात म्हणतो, “मुलीच्या रक्तातलं शिसं घराच्या रंगातलं असेल, बाईंचं लक्ष नसेल.” मी उठलेच होते त्याच्या अंगावर जायला. ह्यांनी दंड धरून बसवलं, नाहीतर मीही तुझ्यासारखी आत असते.

दावा लावल्यापासून खिडकीतून दोनदा वीट आली. दुसरी पोरीच्या उशीवर पडली. नशीब, ती माझ्या कुशीत होती.

तू त्या तपासणी साहेबाला कारखान्याच्या फाटकात गजानं मारलंस, त्याचा डोळा गेला, तू आत गेलास. आपल्या पोरीला भरवलेल्या पिठाच्या डब्यांवर ‘माल चांगला’ म्हणून सही त्याचीच, म्हणून घरात कुणाला त्याची कीव आली नाही. गेल्या आठवड्यात तोच दारात उभा! मी कांदा चिरत होते. तशीच धावले, भिंतीला रेटला, सुरी गळ्यावर. तो हललासुद्धा नाही. म्हणाला, “मी तुमच्या बाजूनं साक्ष देणार आहे. मारायचं तर साक्ष झाल्यावर मारा, ताई.” पिठात शिसं निघालंय, माल थांबवा, असं त्यानं मालकाला तोंडावर सांगितलं होतं. मालक म्हणाला, “डबे जाऊ देत, नाहीतर तू जा.” हा घाबरला आणि सह्या करत राहिला. एवढं बोलतोय तोच पोरगी आली आणि त्याच्या पोटरीला चावली. त्यानं पाय मागे घेतला नाही. तिचे दात सुटेपर्यंत ओठ आवळून उभा राहिला. मी सुरी ओट्यावर ठेवली.

सोमवारी तू सुटतोस, त्याच दिवशी त्याची साक्ष आहे. आपल्या वकीलबाई म्हणाल्या, भावाला लांब ठेवा. पण त्याला तुझ्यासमोरच बोलायचंय. तुला घ्यायला येईन तेव्हा गाडीत तो असेल, मागच्या सीटवर, तुझ्या शेजारी. माफी मागू नकोस, त्याला देऊही नकोस. फक्त कोर्ट येईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बस, राजा. एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच,
ताई