निवलेली वीट

मास्तर, आज भट्टी उघडली. मुलांनी केलेल्या बरण्या सगळ्या धड निघाल्या. तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि सांगायला तुम्ही नाहीत. इतकी वर्षं झाली तरी याची सवय होत नाही.

महाराजांनी तुम्हाला जर्मनीला धाडलं, तिथून हे शास्त्र शिकून आलात आणि बडोद्याच्या शाळेत आम्हाला शिकवू लागलात. पहिल्याच वर्षी मी उतावीळपणे भट्टीच्या दाराच्या विटा काढल्या. आत गार वारा शिरला आणि भांडी एकामागून एक टणटण तडकू लागली. तुम्ही ओरडला नाहीत. "सासुरवाडी आहे का ती, धावत आत शिरायला?" एवढंच म्हणालात, आणि शेवटचा आवाज थांबेपर्यंत मला तिथंच उभं केलंत. मग तुमची पद्धत सांगितलीत. दाराच्या विटेवर तळहात ठेवायचा आणि समोरच्याशी बोलायचं. आवाज हलला नाही, तर भट्टी निवली.

तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा सावली गावाकडच्या मातीचा तो पेला भट्टीत होता. आपल्या मातीवर विलायतेसारखी झिलई धरणार नाही, असं सगळे म्हणायचे. तुम्ही मात्र हट्टाला पेटला होतात. झिलई तुमची, पेला माझ्या हातचा. सकाळी भेटायला आलो, तर काकूंनी तुम्हाला उशांना टेकवून बसवलं होतं.

"उघडली का?"

"अजून गरम आहे, मास्तर."

"मग इथं काय करतोस? जा. आणि घाई करू नकोस, मी आहे."

मी भट्टीच्या दाराशी बसून आहे. पुन्हापुन्हा विटेवर हात ठेवतो, जाळ घालणाऱ्या गुजराती काकांशी बोलतो. ते नकारार्थी मान हलवतात, "हजी वार छे, भाई." अजून वेळ आहे. दुपार कलते तेव्हा कुठे माझा आवाज स्थिर येतो. पेला अखंड निघतो. सायीच्या रंगाची झिलई, कुठं रेघ नाही. उपरण्यात गुंडाळून मी धावत तुमच्या घरी येतो. काकू दारातच उभ्या आहेत. त्या पेल्याकडे बघत राहतात.

"आत्ताच विचारत होते रे," त्या म्हणतात.

मी तो तुमच्या हातात ठेवला. बोटं मिटेनात.

लवकर उघडली असती, तर पेला तडकला असता, पण तुम्ही पाहिला असता. तुम्हाला यातलं काय हवं होतं, ते विचारायचं राहिलं.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. फडताळात त्या पेल्याखाली ठेवीन. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. मुलांना मी तुमचीच पद्धत शिकवतो, पण विटेवर हात ठेवून बोलू लागलो की, वीट गार असली तरी माझा आवाज हलतो. मुलांना वाटतं, भट्टी अजून निवली नाही. ती मुकाट्यानं थांबतात. आजही थांबली.