काळी ठेवायची चांदी

आई, काल मी उकडलेल्या अंड्याने चांदी काळी केली. मुद्दाम. तू असतीस तर आधी मला दाराबाहेर काढलं असतंस आणि मग कारण विचारलं असतंस, म्हणून कारण आधीच सांगतो.

तू न पाहिलेली तुझी नात इथे नेदरलँड्समध्ये काउबॉय पद्धतीची घोडेस्वारी शिकते. हूफडॉर्पच्या बाहेर एका बाईंचा तबेला आहे. लॉकडाऊनमुळे स्पर्धा बंद, त्यामुळे घोड्यावर बसून व्हिडिओ काढायचा आणि परीक्षकांना पाठवायचा. त्यासाठी बाईंनी आपल्या वडिलांच्या वेळचा साज हिला दिला. घोड्याच्या डोक्यावर चढवायचे चामडी पट्टे, त्यांवर स्क्रूने बसवलेल्या चांदीच्या नक्षीदार चकत्या. साज घरी आला आणि माझे हात शिवशिवायला लागले. दिवसभर तेच टेबल, तीच खुर्ची. खिडकीपाशी जातो, परत येतो, फ्रीज उघडतो, बंद करतो. नक्षीच्या खाचांत काळं बसलेलं दिसलं, तसा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून विभूती आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. दिवाळीआधी तू घासून घ्यायचीस तशा सगळ्या चकत्या घासल्या आणि स्वतःवरच खूश झालो.

पोरगी बघतच राहिली. "बाबा, ते ब्लॅक मुद्दाम असतं. आता फ्लॉवर्स दिसतच नाहीत." खरंच दिसत नव्हती, नुसत्या पांढऱ्याफटक टिकल्या उरल्या होत्या. "शी ट्रस्टेड मी," एवढं म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं. शाळा स्क्रीनवर, मैत्रिणी स्क्रीनवर, तबेला तेवढा तिचा उरलेला. तोही आपण घालवला, या धास्तीने मी घरभर येरझारा घालत होतो.

तेव्हा तू आठवलीस. तू ओट्याशी उभी आहेस, हातात काळंठिक्कर निरांजन. शेजाऱ्यांनी दिलेलं उकडलेलं अंडं अर्धं खाऊन उरलेलं मी देवाची चांदी ठेवायच्या डब्यात लपवलंय आणि साफ विसरलोय. "अंड्याने चांदी काळी पडते, गाढवा. लपवायला दुसरी जागा नाही सापडली?" खाण्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. सगळी चांदी मात्र माझ्याकडून घासून घेतलीस आणि मग गूळ-पोळी दिलीस.

काल चकत्या सोडवल्या, अंडी उकडून कुस्करली आणि दोन्ही एका झाकणाच्या डब्यात कोंडलं. वासाने पोरगी बाहेर आली. तिला निरांजनाची गोष्ट सांगितली. "आजी व्हेजिटेरियन होती ना?" तिने विचारलं आणि पहिल्यांदा हसली. काळ्या पडलेल्या चकत्या धुऊन, वरवर पुसत आम्ही दोघं बसलो. वरचं उजळलं, खाचांतलं काळं राहिलं आणि फुलं परत आली.

आज तिने बाईंना सगळं स्वतःच सांगितलं. बाईंनी चकत्या उन्हात धरून पाहिल्या आणि लांबूनच मला बजावलं, पुन्हा हिच्या सामानाला हात लावायचा नाही. पोरीचा व्हिडिओ उद्या आहे. मला मात्र ती बोलणी खाऊन इतकं बरं वाटलं की सायकलवरून घरी येताना डोळे भरून आले.

हे पाठवणार कुठे, ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगायचं राहिलं. काल त्या अंड्यांच्या डब्यात तुझा कुंकवाचा चांदीचा करंडाही ठेवला होता. जागा होती म्हणून, असं पोरीला सांगितलं. करंडा काळाठिक्कर पडलाय. विभूती समोर काढून ठेवली आहे, पण घासत नाही. तू रागावण्याची वाट बघतोय.