ती पाणी मागतेय

बोरी अरब
१४ जानेवारी २०२५

चि. अमर यास आशीर्वाद.

परवा, रविवार दि. १२ जानेवारी, सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी मला कळलं, की बाबांच्या नाटकाचं रेडिओसाठी रूपांतर करताना तू त्यातल्या मुक्या जमनीला काढून टाकलंस. घड्याळ समोर होतं, वेळ पक्की आहे. तुझ्या बायकोची कंबर आता बरी असावी. इथे तूर निघते आहे. आज संक्रांत, पण गोड बोलणं मला जमणार नाही.

रामीबाई हातातली भांडी टाकून रेडिओजवळ बसली होती. तिने हे नाटक लहानपणी शाळेच्या पटांगणात पाहिलेलं. अर्धं झाल्यावर म्हणाली, "काहो बाई, जमनी आलीच नाही अजून. आधीच मरून गेली का?" मी म्हटलं, थांब, येईल.

आली नाही. फोनवर तू म्हणालास, "ताई, रेडिओवर मुकी पोरगी कायले पाहिजे? तिले एक डायलॉग नाही. कोणाले दिसते ते?"

छत्तीस वर्षं पेपर तपासले, इतकं आळशी उत्तर पाहिलं नाही. दिसत नाही, पण ऐकू येते, गाढवा! नाटकातले काका घरात आले की जमनी पितळी वाटी फरशीवर तीनदा आपटते. बाबांनी प्रत्येक प्रवेशात ते कंसात लिहिलंय. गेल्या वर्षी पाचशे पानांची जुनी कादंबरी तू अर्ध्या तासात कोंबलीस, तेव्हा मी गप्प बसले. पण इथे आवाज तुझ्या हातात आयता दिलेला होता. तू फाटक करकरवलंस, एसटीचा हॉर्न वाजवलास, कुत्रं दोनदा भुंकवलंस. गावच्या कुत्र्याला जागा मिळाली, बहिणीला नाही.

हो, बहिणीला. जमनी म्हणजे आपली भागीरथा. तू चार वर्षांचा होतास. काकांच्या विहिरीतून तिला काढलं, तेव्हा पाय घसरला असं सगळे म्हणाले.

आणि जमनीला नाटकातून काढताना मोठ्या बहिणीचं एक वाक्य तुझ्याकडून गाळायचं राहून गेलं. काकांच्या चपला वाजतात, बाबा विचारतात, "काय म्हणते ती?" मोठी सांगते, "काही नाही, ती पाणी मागतेय." कोण मागतंय? तिथे कुणीच नव्हतं. अकरा चौदाला तेवढं वाक्य एकटंच आलं. रामीबाई हसली.

ते वाक्य बाबांचं नाही, अमर. माझं आहे.

मे १९७४. मी सतरा वर्षांची, मिशनच्या सिस्टरांच्या बोर्डिंग शाळेतून सुट्टीला आले होते. भागीच्या खुणा घरात फक्त मला नीट कळायच्या. काका तिला काय करतात, ते तिने मला दाखवलं होतं. सगळं. त्या दुपारी काका आले, तिने वाटी आपटली, माझा हात धरला. बाबांनी विचारलं, आणि मी म्हटलं, पाणी मागतेय. काकांच्या शब्दावर मला त्या शाळेत घेतलं होतं. काका तुटले तर शाळा तुटली, एवढंच डोक्यात होतं. बाबांनी पेलाभर पाणी आणून दिलं. ती प्यायली नाही. पेला धरून माझ्याकडे बघत राहिली. आठव्या दिवशी विहिरीत सापडली.

बाबांनी मला कधी काही विचारलं नाही. दोन वर्षांनी नाटक लिहिलं आणि त्यात ते वाक्य घातलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. भागीच्या म्हणण्याचं पहिलं रूपांतर मी केलं होतं. तू त्याच्यापुढे गेलास: तीन ठोके काढलेस आणि माझं खोटं ठेवलंस.

रविवारी, २६ तारखेला पुन्हा प्रसारण आहे. त्यात ठोके हवेत. भागीची वाटी रामीबाईसोबत पाठवते. दुसरी वाजवू नकोस.

बाबा गेल्यावर तू काकांकडे वाढलास, त्यांनी तुला जीव लावला, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच विचारते. जमनीला डायलॉग नव्हता म्हणून काढलंस, की तिचे ठोके कुणासाठी आहेत हे तुला कळलं होतं म्हणून? शुक्रवार, २४ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस. बोलताना मी काय करते ते तुला आता माहीत आहे.

भागीची दुभाषी,
लीला