कुंभारीची लिंक

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज दोन तास नेटवर्किंगचा अभ्यास. जूनमध्ये मोठी परीक्षा पास, जुलैत सीनिअर इंजिनिअर. सोलापुरात तारा ओढून माझं डोकं गंजलंय. आज अभ्यास झाला नाही. वेळापत्रक आखण्यातच संध्याकाळ गेली. तीन रंगांत आखलंय.

६ मार्च, गुरुवार, सकाळी १०.४०
कुंभारी गावची इंटरनेटची लिंक डाऊन. पुण्याच्या कंट्रोल रूममधून फोन. नवीन मुलगी, दीक्षा, मूळची करकंबची. मला सर म्हणाली. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.
जाऊन बघितलं. रस्त्याकडेच्या पेटीत फायबरचा एक जोड सैल झालाय. वाऱ्याने झाकण हललं की लिंक जाते. बोटाने दाबला, चालू झाली. नवीन जोड मारायला वीस मिनिटं लागतील, सामान पिशवीतच आहे. ऊन फार होतं. उद्या.

११ मार्च, मंगळवार
परत डाऊन, परत दीक्षा. जेवला का सर, असं तिने आपणहून विचारलं. हे ड्युटीत बसत नाही. जोड निरीक्षणाखाली ठेवलाय. घाई अनुभवी माणसाला शोभत नाही. तिला सांगितलं, पार्ट मागवलाय.

१८ मार्च, मंगळवार
आठवड्यात सात फोन. आता ती आपल्याकडचंच बोलते. म्हणाली, सर, तुमची कुंभारी लई तरास देती की. विचारलं, फोन करायचा कंटाळा येतो का. म्हणाली, न्हाय ओ सर, कामच हाय की माजं. हे ती लाजून म्हणाली.
आईला सांगितलं. आई म्हणाली, नाव दीक्षा म्हंजी आपल्यातलीच, फोटू दाव. म्हटलं, फोटो नाही, आवाज ऐकलाय. आई उठून भाकरी करायला गेली.

२५ मार्च, मंगळवार
तीन दिवस लिंक गेलीच नाही. वारा पडलाय. कशात लक्ष लागेना. सहज कुंभारीला गेलो, सहज पेटी उघडली. झाकणाचा धक्का जोडाला लागला. आता लागला, त्याला मी काय करणार? दोन मिनिटांत तिचा फोन. म्हणाली, सर, तुमी आधीच पोचला व्हय? चकित झाली.

२ एप्रिल, बुधवार
ठरलं. पुढच्या फोनला लग्नाचं विचारायचं. वाक्य पाठ केलंय. अभ्यास लग्नानंतर.

४ एप्रिल, शुक्रवार
लिंक गेली. फोन ऋतुराज नावाच्या कुणाचा. दीक्षा कुठे, विचारलं. म्हणाला, सोमवारी काढून टाकली. महिन्यात एकाच लिंकच्या तेवीस तक्रारी, एकही कायमची मिटली नाही. प्रोबेशनवर होती, पाठपुरावा जमत नाही असा शेरा मारला. गावी गेली.
माझं नाव निघालं का, विचारलं. म्हणाला, साहेब तुमच्यावरच घसरले होते, तिनेच सांभाळून घेतलं. सोलापूरचे सर लई चांगले हायत, पार्टच येत न्हाय तर ते काय करतील, असं म्हणाली.
दुपारी जोड मारला. अठरा मिनिटं लागली.
रविवारी करकंबला जाणार. सगळं खरं सांगून माफी मागणार. साहेबांना लेखी देऊन तिला परत घ्यायला लावणार. पक्कं.

६ एप्रिल, रविवार
स्टँडवर विचारलं, घर सापडलं. दारात एक मुलगी ज्वारी पाखडत होती. मी विचारलं, दीक्षा इथेच राहतात का. आवाजावरूनच ओळखलं तिने. सूप खाली ठेवून उभी राहिली. पहिलं विचारलं ते, सर, आला का पार्ट?
मी म्हटलं, आला.
तिचा चेहरा एकदम उजळला. आत वळून आईला म्हणाली, बग, मी म्हणत न्हवते? सरांची काय चूक न्हवती. मग माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.
चहा प्यालो. काहीच सांगितलं नाही. काहीच विचारलं नाही. एसटीत रडू आवरलं नाही, शेजारच्या बाईने सरकून बसायला जागा दिली. साहेबांना अजून लिहिलेलं नाही.